जरासा कललेला दात

कार्डाचा कोपरा टोचत होता. पिवळं, तळहाताएवढं, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवलेलं कार्ड, त्यावर काळ्या शाईत सत्तेचाळीस हा आकडा — आणि चारही कोपरे कापले तसेच सोडलेले, कुणी त्यांच्यावरून कानस म्हणून फिरवली नव्हती. त्याचा अंगठा फिरून फिरून तिथेच जात होता. अशी वस्तू आपल्या हातून बाहेर पडली असती तर... दुसऱ्या दिवशी सकाळी दंतवैद्याचा फोन, पेशंटची जीभ सोलली म्हणून. पण ही जिभेला लागणारी वस्तू नव्हे, परिषदेत मत देताना वर धरायची, आणि सकाळपासून त्याने ती सात वेळा वर धरली होती. मागच्या वर्षीचं इतिवृत्त मंजूर, स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आभार मंजूर, चहाची सुट्टी दहा मिनिटांनी वाढवणं मंजूर... सगळे करतात म्हणून आपणही. चहाच्या ठरावाला मात्र बिशपांनी “विरोधात कोण?” असं विचारलं तेव्हाही त्याचं कार्ड वरच राहिलं होतं, आणि अख्खं सभागृह माना वळवून त्या चहाच्या शत्रूकडे बघेपर्यंत त्याला पत्ता नव्हता.

खरं म्हणजे ही खुर्ची बायकोची. गेली अकरा वर्षं मेथॉडिस्ट चर्चच्या ह्या प्रादेशिक परिषदेला त्यांच्या मंडळीची, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या माणसांची, प्रतिनिधी म्हणून तीच यायची, तीन दिवस भांडून घसा बसवून परत जायची आणि पुढचा पंधरवडा जेवताना ठराव वाढायची. ह्या वर्षी महिनाभर आधी तिचा घोटा मोडला आणि परिषद त्याच्या गळ्यात पडली. इस्पितळातल्यांनी प्लास्टरमध्ये पाणी जास्त घातलंय, असं त्याचं मत होतं. ते त्याने दोनदा बोलूनही दाखवलं. “माझ्या पायाकडे जबडा बघितल्यासारखं बघू नका,” असं ती म्हणाली आणि तिने त्याच्या हातात एक घडी केलेला कागद ठेवला. “हे चार मुद्दे. जसेच्या तसे वाचायचे. मधे आपली अक्कल चालवायची नाही.”

चार मुद्दे ठराव क्रमांक अकराच्या बाजूने होते. मेथॉडिस्टांचा पाळक, चर्च सांभाळणारा धर्मगुरू, म्हणजे बदलीचा माणूस — एका मंडळीत फार तर सात वर्षं, मग बिशप सांगतील तिकडे सामान हलवायचं. अकरावा ठराव म्हणत होता की मंडळीने मागणी केली तर ही सात वर्षांची अट सैल करावी. त्यांच्या पाळकबाईंचं हे सातवं वर्ष. ठराव मंजूर झाला तर बाई राहणार, पडला तर परवा शेवटच्या दिवशी बिशप नवीन नेमणुका वाचतील त्यात त्यांचं नाव येणार, दुसऱ्या कुठल्यातरी मंडळीपुढे. घरी एकशे बारा माणसांनी मागणीच्या कागदावर सह्या केल्या होत्या, एका आजींनी तर उत्साहाच्या भरात दोनदा. त्याची सही सगळ्यांत वर होती, कारण कागद बायकोच्या हातात होता.

पण खरं सांगायचं तर — आणि हे बायकोलाही ठाऊक नव्हतं — त्या एकशे बारांत बाई राहाव्यात असं सगळ्यांत जास्त कुणाला वाटत असेल तर ते मला.

तो कवळ्या बनवतो. तीस वर्षं. दंतवैद्य तोंडाचे साचे पाठवतात. तो त्यांत प्लास्टर ओततो, मेणावर एकेक दात बसवतो, गुलाबी हिरडी घडवतो, घासूनपुसून चकाकी आणतो आणि डबीत घालून परत धाडतो. माणूस काही दिसत नाही. पाठकोऱ्या चिठ्ठीवर वय असतं, दाताचा रंग असतो, बस. खोलीत तो, पॉलिशचं यंत्र आणि फळीवर ओळीने बसलेले पांढरे जबडे, त्यांतला एकही बोलणारा नाही आणि त्यालाही बोलायची फारशी हौस नाही. चर्चला तो जायचा तोही बायकोची पर्स सांभाळायला. पाळकबाई नव्या आल्या तेव्हा एका गुरुवारी बायकोची विसरलेली वही द्यायला आत डोकावल्या, स्टुलावर टेकल्या, फळीवरचा एक जबडा उचलून निरखत म्हणाल्या, “ह्या गृहस्थांना राग फार येत असणार. दाढा बघा कशा उगाळल्यात.”

तेव्हापासून दर गुरुवारी, चार वाजता. बाई एकेका जबड्याला संसार लावून द्यायच्या — ह्या आजी सुनेपासून गोड लपवून खातात, हे मास्तर झोपेत उत्तरं तपासतात — आणि तो, ज्याला शाळेत मुका म्हणायचे तो, “छे, हे मास्तर नव्हेत, शिट्टी वाजवणारे कुणी आहेत, पुढचे दात बघा,” असं म्हणत भर घालायचा. अशाच एका गुरुवारी जबड्यांवरून बोलता बोलता गोष्ट धाकट्या भावावर आली. बारा वर्षांचा अबोला. काय झालं होतं ते सांगायला त्याला पाऊण तास लागला, आणि सांगून झाल्यावर ते इतकं किरकोळ निघालं की दोघंही हसायला लागली. रविवारी त्याने भावाला फोन केला. हे सगळं कागदावरच्या मुद्द्यांत कुठे बसवायचं? तिसरा मुद्दा होता ‘मंडळीतील वृद्धांशी जिव्हाळा’. त्यात गुरुवार बसत नव्हता. शिवाय मी काही इतका वृद्ध नाही.

आज सकाळी बसमध्ये बाई त्याच्या शेजारी तोंड उघडं टाकून खुशाल झोपल्या होत्या. (वर उजवीकडे दोन दाढांत चांदी भरलेली, काम बरं होतं.) उतरताना म्हणाल्या, “भूक लागली,” आणि पाळकांच्या रांगांकडे निघून गेल्या. ठरावाबद्दल अवाक्षर नाही. त्यानेही काढलं नाही. बोलायचं काय त्यात, ठरल्यासारखंच होतं सगळं.

जेवणाच्या सुट्टीत लांब टेबलं, सूप, पाव आणि प्रत्येकाला एक सफरचंद. त्याच्या समोर एक सत्तरीच्या बाई येऊन बसल्या, छातीवरच्या बिल्ल्यावर एकशे तीन. त्यांनी सफरचंद साडीच्या पदराला पुसलं आणि सरळ पुढच्या दातांनी त्याचा असा लचका तोडला की शेजारचे गृहस्थ दचकले. ह्या वयात काय दात आहेत, त्याने मनात दाद दिली. मग कुणीतरी काहीतरी बोललं आणि बाई हसल्या...

डावीकडचा. सुळ्याच्या अलीकडचा. शेजारच्या दातावर जरासा खांदा टाकून उभा. आणि मधल्या दोघांत ती फट, पोस्टकार्ड जाईल एवढीच.

चमचा त्याच्या हातात तसाच राहिला. कारण तो दात त्याने अकरा वेळा मेणातून उपटून पुन्हा बसवला होता. सहा वर्षांपूर्वी. दंतवैद्याची चिठ्ठी आली होती — पेशंट म्हणतात की सरळ दात नकोत, सरळ दात त्यांचे नव्हेत, सोबत जुना फोटो जोडला आहे. फोटोत एक विशीची मुलगी सायकल धरून खदखदा हसत होती. एक आठवडा तो फोटो यंत्राच्या वर टाचणीने लावलेला होता, आणि एक आठवडा तो तिच्या दाताशी झगडत होता. जरा जास्त कलला की भांडखोर दिसायची, जरा कमी कलला की दुसरीच कुणी. अकराव्या वेळी ती हसली. दंतवैद्य म्हणाला, “कशाला एवढा जीव काढता हो, म्हाताऱ्या बाईसाठी?” त्याने फोटो आणि कवळी एकाच डबीत घालून पाठवून दिली, आणि तीस वर्षांत बाकीच्यांचं झालं तेच झालं — पुढे काय, ते कळलं नाही.

आणि पुढे हे होतं! पुढे सफरचंद होतं! तीस वर्षं डब्या पाठवल्या, कधी वाटलं नाही की त्यांच्या पलीकडे कुणी लचके तोडत बसलं असेल... त्याला इतका आनंद झाला की उठून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पण सांगणार काय? बाई, तुमच्या तोंडात आहेत ते दात माझे? आठ माणसांच्या टेबलावर? कवळीवाल्याचंही पाळकासारखंच असतं, तोंडातली गोष्ट तोंडातच राहिली पाहिजे. त्याने घसा साफ केला.

“सफरचंद कसं आहे?” त्याने विचारलं.

“झकास. तुम्ही खात नाही?”

“नाही. घ्या ना.”

त्यांनी त्याचंही घेतलं. तेही गेलं. दुसऱ्या सफरचंदाच्या मध्यावर त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे पाळक आहेत?”

“आहेत. चांगल्या आहेत.”

“नशीबवान आहात,” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी देठ कागदी रुमालात गुंडाळला आणि उठल्या.

दुपारी ठराव क्रमांक अकरा आला. सभागृहात मतदारांच्या खुर्च्यांभोवती निळी फीत ताणून बांधली होती. फितीच्या आत बसलेल्याचंच मत मोजायचं असा जुना नियम, म्हणून स्वयंसेवक एकदा फेरी मारून गेला. बोलणाऱ्यांनी सकाळीच चिठ्ठ्या दिल्या होत्या — एक बाजूने, एक विरोधात, आळीपाळीने. बायकोच्या सूचनेप्रमाणे त्याचीही चिठ्ठी गेली होती. त्याने कागदाची घडी उलगडली. मुद्दा एक, सातत्य. मी कशाला आलो इथे? जबडे बरे.

“क्रमांक एकशे तीन. विरोधात.”

त्या बाई माइकपाशी आल्या, माइक दोन बोटं खाली ओढला आणि बोलायला लागल्या, आणि त्याने — काय सांगावं — पहिलं मिनिटभर एक शब्दही ऐकला नाही. तो फक्त स ऐकत होता. श आणि च आणि स. मधल्या फटीतून वारा सुटेल, स शिट्टीसारखा वाजेल, ही धास्ती त्याला तेव्हाच होती. पण नाही, साडेतीनशे माणसांच्या सभागृहात स खणखणीत जात होता, शेवटच्या भिंतीपर्यंत. तो खुर्चीत पुढे सरकून, ओठ हलवत, अक्षरामागून अक्षर पास करत बसला होता, आणि मग त्या अक्षरांमधून हळूहळू वाक्यं वर आली.

“...चौतीस वर्षं टपालखात्यात काढली, त्यामुळे बोलायची सवय कमी. आम्ही एकोणीस माणसं आहोत. चार वर्षं झाली, आम्हांला पाळक नाही. रविवारचा उपदेश मीच करते. माझ्याकडे एकूण नऊ उपदेश होते, ते केव्हाच संपले. आता तेच फिरून येतात, आणि आमची माणसं इतकी भली की दर वेळी त्याच जागी हसतात.”

सभागृह हसलं.

“पण बाप्तिस्मा मला देता येत नाही. प्रभुभोजन देता येत नाही. आमचं एक बाळ पाळकाची वाट बघता बघता मोठं झालं आणि स्वतःच्या पायांनी चालत बाप्तिस्म्याला गेलं.”

आणखी मोठ्याने हसलं सभागृह. त्या हसल्या नाहीत. सगळे थांबेपर्यंत त्या थांबल्या.

“चांगला पाळक ज्याला मिळेल तो धरून ठेवणारच. मला मिळाला तर मीही धरून ठेवीन, दाराला कडी घालीन. म्हणून तर नियम लागतो. कुणीतरी सोडल्याशिवाय आमच्याकडे कोण येणार?”

त्या जागेवर गेल्या. तो अजून पुढे वाकलेलाच होता. तिच्या तोंडात माझे दात, आणि माझ्या हातात तिच्याविरुद्धचे चार मुद्दे... आणि मी हे दात केले ते कशासाठी केले? सफरचंदासाठी फक्त? त्याला राग आला, कुणाचा ते कळेना. बहुधा त्या दंतवैद्याचा.

“क्रमांक सत्तेचाळीस. ठरावाच्या बाजूने.”

कुणी उठेना. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, बिशपांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि शेजारच्याने कोपराने ढोसल्यावर तो उठला. माइकपर्यंतची वाट लांब होती आणि वाटेत पाळकांची तिसरी रांग लागत होती, तिथे बाईंची मान दिसली, ताठ, समोर बघणारी. गुरुवार. चार वाजता. त्याने कागद माइकसमोर धरला. बायकोचं अक्षर मोत्यासारखं, चष्म्याशिवायही वाचता येईल असं.

“माझ्याकडे चार मुद्दे आहेत,” तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, फक्त फार मोठा. “ते माझ्या बायकोचे आहेत. चांगले आहेत.”

हशा पिकला. त्याला त्याचं नवल वाटलं.

“पण आत्ता ज्या बाई बोलल्या, त्यांच्यानंतर मला ते वाचता येत नाहीत.”

आणखी काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं, पण नव्हतंच काही. तो परत फिरला. परत येताना त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही, आपल्या बुटांकडे पाहिलं, आणि बूट पुसायचे राहिले होते.

बिशपांनी कार्डं मागितली. बाजूने — आणि चहूकडे पिवळं पिवळं वर गेलं, पुढे, मागे, दोन्ही शेजारी, आणि त्याचा हात सात वेळांच्या सवयीने मांडीवरून सुटायला लागला तो त्याने दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मोजणारे रांगेरांगेतून गेले. मग विरोधात. आता सकाळसारखं चुकून नाही. त्याने कार्ड वर केलं, सरळ, कोपर न वाकवता, आणि मोजणारी बाई पुढच्या रांगेतून त्याच्यापर्यंत येईपर्यंत तसंच धरून ठेवलं. तिने ओठांतल्या ओठांत त्याला मोजलं. वर धरलेल्या दंडात कळ आली. त्याला वाटलं, पाळकबाई जाणार, आता खरंच जाणार, आणि त्यांच्या जाण्याला माझा हात लागला.

शहाण्णव बाजूने, एकशे एकतीस विरोधात. ठराव पडला. म्हणजे त्याचं एक मत इकडे गेलं असतं काय आणि तिकडे गेलं असतं काय, निकाल बदलला नसता. हे गणित त्याने दोन-तीनदा करून पाहिलं. त्यामुळे बरं वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं.

चहाच्या वेळी — दहा मिनिटं वाढवलेल्या — तो खिडकीशी उभा होता. पाळकबाई दोन कप घेऊन आल्या, एक त्याच्या हातात दिला, मोकळा झालेला हात पुढे केला. “बघू तरी ते मुद्दे.”

त्याने कागद दिला. त्या वाचत गेल्या, तिसऱ्या मुद्द्याला फिसकन हसल्या, चौथा दोनदा वाचला. मग नाक ओढलं.

“बाई,” तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला कळलं की हे पहिलंच आहे. एकशे बारा, खरं तर एकशे तेरा सह्या झाल्या, बैठका झाल्या, कागद इकडून तिकडे फिरला, आणि एवढं एक कुणी विचारलं नव्हतं. “तुम्हांला राहायचं होतं का?”

बाईंनी कागदाची घडी होती तशी घातली.

“होतं ना,” त्या म्हणाल्या. “फार राहायचं होतं. म्हणून तर मी मतच दिलं नाही. माझं कार्ड मी खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसून राहिले. मला वाटलं, वर केलं तर कुठल्या वेळी करीन, काही भरवसा नाही.”

त्या बिस्किट चहात बुडवत होत्या, ते मोडून कपात पडलं आणि त्या चमचा शोधायला लागल्या, आणि त्याला त्यांची आठवण यायला लागली. माणूस समोर उभा, हातभर अंतरावर, बोटांनी बिस्किट काढतोय, आणि आठवण येतेय. असं त्याचं आधी कधी झालं नव्हतं. रडू येईल असं वाटलं आणि त्याच वेळी आतून गुदगुल्या झाल्यासारखं हसू, दोन्ही एकाच जागी, वेगळं करता येईना.

“त्या टपालवाल्या बाई तुमच्या ओळखीच्या?” बाईंनी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “म्हणजे, थोड्या.”

खिशात फोन थरथरला. बायको. बाईंनी पडद्यावरचा फोटो पाहिला, भुवया उंचावल्या आणि शहाण्या माणसासारख्या दुसऱ्या टेबलाकडे सरकल्या.

“काय झालं? वाचलंत?” बायकोचा आवाज नेहमीसारखा, धावतच आलेला. “मी केव्हाची फोन मांडीवर घेऊन बसलेय!”

ठराव पडला. दोन शब्द, आणि खोटं त्यात काही नाही. मग ती बिशपांवर चिडेल, मोठ्या मंडळ्यांवर चिडेल, उद्या शंभर जणांना फोन करेल, आणि त्याला कुणी काही विचारणार नाही. त्याला कधीच कुणी काही विचारत नाही, ती सोय त्याने तीस वर्षं खाऊन-पिऊन सांभाळली होती. दोन शब्द जिभेवर तयार होते. पण त्यांच्या मागे दुसरंच काही येऊन दाटलं होतं.

“अगं, ठराव पडला,” तो म्हणाला. “आणि मी विरोधात कार्ड वर केलं.”

अकरा वर्षांत परिषदेच्या विषयावर ती इतका वेळ गप्प बसल्याचं त्याला आठवत नव्हतं. मग प्लास्टरचा पाय कशावरून तरी खाली ठेवल्याचा आवाज, उशी सरकवल्याचा आवाज.

“थांबा,” ती म्हणाली. “मला नीट बसू द्या.”

तो थांबला. तिला राग आला असेल, येणारच. घरी गेल्यावर एकशे बारा माणसांपुढे मान वर करून जायचंय, आणि गुरुवारी चार वाजता... ते तर आताच बोचायला लागलं होतं, आणि बोचत राहणार होतं. पण भीती म्हणून वाटत नव्हती. भावाचं, जबड्यांचं, सायकलवाल्या मुलीचं, चालत बाप्तिस्म्याला गेलेल्या बाळाचं, सगळंच एकदम तोंडाशी आलं होतं, आणि ती बसेपर्यंतही दम निघत नव्हता.

“हं,” बायको म्हणाली. “बोला.”

कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं, पण मला बोलायचं होतं.